मदत हवी आहे: एचआयव्ही आणि क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर

नमस्कार. माझ्या मावसभावाला क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे मेंदूज्वर झाला असून, त्याच तपासण्यांत त्याला एचआयव्हीची लागण असल्याचेही कळले. सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) १०० च्या खाली आहेत. पाठीतून काढलेल्या पाण्यात बुरशी भरपूर, पण पांढऱ्या पेशी मोजक्याच सापडल्या, आणि तो आकडा पाहून घरच्यांना आजार सौम्य असल्याचा दिलासा वाटला. प्रत्यक्षात प्रतिकारशक्तीच खचल्यामुळे बुरशीला अडवणारे कोणी उरत नाही, ती बेसुमार वाढते आणि डोक्यातील दाब चढतो, म्हणूनच ते पाणी पुन्हा पुन्हा काढावे लागते, हे त्यांना समजावणे मला फार जड जाते आहे.

सध्या अँफोटेरिसिन आणि फ्लुकोनाझोल ही बुरशीविरोधी औषधे चालू आहेत. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार, मात्र चार ते सहा आठवड्यांनी सुरू करू, असे डॉक्टर म्हणतात. युगांडा व दक्षिण आफ्रिकेतील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एआरटी लवकर दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू अधिक आढळले होते, त्यामुळे मला हा निर्णय पटतो. मावशीला मात्र तो हलगर्जीपणा वाटतो.

एआरटीनंतर प्रतिकारशक्ती सावरताना डोकेदुखी व ताप उलटू शकतो, असे वाचले. तो त्रास दाहाचा की बुरशी परतल्याचा, हे डॉक्टर कशावरून ठरवतात? फ्लुसायटोसिन हे बुरशीवरील आणखी एक औषध कोणाला मिळाले असल्यास ते कोणत्या मार्गाने मिळाले, हेही कृपया कळवावे.