ट्रकचं इंजिन थंड ठेवणारा कंपनीचा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा बसवावा का?

घाटमाथा
मे तोंडावर आला, म्हणून विषय काढतोय. माझी चौदा फुटी गाडी आहे, बीएस ४, १२ व्होल्टची. सीझनला रत्नागिरीहून आंबा भरून कोल्हापूरला आणतो. साखरप्याहून आंबा घाट चढायला लागलं की गिअर दुसरा, वेग पंधराच्या आत, आणि पंख्याची घरघर इतकी की केबिनमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटाही चढतो. सपाटीला साठच्या वेगाने समोरून भरपूर वारा लागतो, तरी हा पंखा बेल्टवर फिरतोच आणि डिझेल खातो. कारमध्ये इलेक्ट्रिक पंखे येऊन जमाना झाला. ट्रकवाल्यांनीच जुनं धरून का बसायचं? गॅरेजवाला सोळा इंची दोन पंखे, रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि सेन्सर बसवून द्यायला तयार आहे. इंजिन सकाळी लवकर गरम होईल, अॅव्हरेज वाढेल, आणि घाट चढून वर थांबल्यावर इंजिन बंद करूनही पंखा चालू ठेवता येईल. माझं मत बसवावा असं आहे. विरोध असेल तर कारणासकट करा.

पाना_दहा_बारा
माझा पूर्ण विरोध. कारण सांगण्याआधी एक विचारतो: पंखा कायम घरघरतो का? सकाळी थंड इंजिनावरही? तुमच्या गाडीला व्हिस्कस फॅन क्लच असायला हवा. त्यात सिलिकॉन तेल असतं आणि पुढच्या तोंडावर धातूची पट्टी. जाळीतून, म्हणजे रेडिएटरमधून, आलेली हवा तापली की पट्टी वाकते, तेल आत सुटतं आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरू लागतो. हवा थंड असेल तेव्हा तो नुसता रेंगाळतो आणि फारशी ताकद खात नाही. म्हणजे गरजेपुरता चालणारा पंखा कंपनीने आधीच दिलेला आहे. तुमचा कायम ओरडत असेल तर कुणीतरी क्लच जाम करून टाकलाय.

घाटमाथा
बरोबर ओळखलंत. गाडी सेकंडहँड घेतली, आधीच्या मालकाने क्लचला बोल्ट मारून ठेवलेत. मिस्त्री म्हणाला, राहू द्या, गाडी तापणार नाही. पण मग माझाच मुद्दा खरा ठरतो ना? क्लचचं तेल गळतं, तो बिघडतो, मग लोक जाम करतात. इलेक्ट्रिकमध्ये हे काही नाही.

पाना_दहा_बारा
नाही, उलटा ठरतो. जाम केलेला पंखा सतत पूर्ण वेगाने हवा ओढतोय, आणि तरीही घाटात काटा चढतो. मग दोष पंख्याच्या जोरात नाही. हवा जाळीतून जात नाहीये, नाहीतर पाणी जाळीतून फिरत नाहीये. अशा गाडीला याहून कमी हवा देणारा पंखा लावला तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) सीझनच्या पहिल्याच आठवड्यात जाईल. आणि जाम ठेवणं स्वतंत्र धोका आहे. ते क्लच सपाटीला पूर्ण आरपीएम घेण्यासाठी बनलेलं नसतं. पात्यांना तडा जातो, वॉटर पंपाचं बेअरिंग खातं. पातं तुटलं की पहिली जाळी फाटते.

थर्मो
आकडे मांडतो, म्हणजे मतावर मत होणार नाही. समजा इंजिन ९० किलोवॅटचं, साधारण १२० एचपी. पूर्ण लोडवर त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त उष्णता कुलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, जाते, ५० किलोवॅट धरा. बाहेर ४० डिग्री, आणि जाळीतून जाताना हवा तीसेक डिग्रीने तापते असं धरलं, तर सेकंदाला दीड घनमीटर हवा लागते. पंख्याच्या खोक्यावरच्या भाषेत तीन हजार सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) पुढे. हे फक्त रेडिएटरचं झालं. त्याच्या पुढे इंटरकूलर असतो (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी), एसी असेल तर कंडेन्सर (एसीची जाळी), आणि रेडिएटरला मिळते ती या दोघांनी आधीच तापवलेली हवा.

आता इलेक्ट्रिक पंख्याच्या खोक्यावर ‘३००० सीएफएम’ असं छापलेलं असतं. तो आकडा पंखा उघड्यावर, समोर काहीही नसताना मोजलेला असतो. जाळी, इंटरकूलर आणि कंडेन्सरच्या थरांतून ओढताना तो बराच खाली येतो, कारण ३०० वॅटच्या मोटरमध्ये तेवढा दाब तयार करायचा दम नसतो. कंपनीच्या पंख्याला पूर्ण वेगात काही किलोवॅट लागतात, मोठ्या ट्रेलरवर २०-३० किलोवॅटसुद्धा. ते उगाच लागत नाहीत. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण ताकद आठपट लागते.

त्याच हिशोबाने घाटमाथा यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत आहे. सपाटीला चढ्या आरपीएमवर जाम पंखा खरोखर डिझेल जाळतो. पण ती बचत चालू व्हिस्कस क्लच बसवला की बहुतेक सगळी मिळते.

शहरी_टेम्पो
इथे सगळे घाटाबद्दलच बोलताहेत. मी पुण्यात मार्केट यार्डातून माल उचलून दिवसभर गल्लीबोळांत पोचवतो. गाडी छोटी पिकअप, एसी चालू, अर्धा दिवस सिग्नलला आणि दुकानांसमोर उभी. उभ्या गाडीत इंजिन आयडलवर असतं, म्हणजे बेल्टवरचा पंखाही मंद. नेमकी हवा हवी तेव्हा तो देत नाही. मी इलेक्ट्रिक बसवलाय. आयडललाही पूर्ण जोर लागतो, एसी गार राहतो, आवाज गेला. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. कंडेन्सर सगळ्यांच्याच पुढे येणार आहे. तेव्हा उभ्या गाडीतल्या हवेचा प्रश्न सगळ्यांनाच पडेल.

वायरमन_मिरज
शहरात चालेल, हे मान्य. पण घाटमाथा यांच्या गाडीला कनेक्शन करून देणाऱ्याने डायनामोचा हिशोब सांगितला का? १२ व्होल्टचा ७५ अँपिअरचा डायनामो म्हणजे फार तर हजार वॅट, तेही चांगल्या आरपीएमवर. इंजिन मंद असताना त्याच्या निम्म्यापर्यंत येतो. दोन पंखे मिळून ४०-५० अँपिअर घेणार. पहिल्या पावसात रात्री घाट चढताय असं धरा: हेडलाइट दहा, वायपर पाच, ब्लोअर दहा. बाकीचं बॅटरीतून जाणार, आणि बॅटरी बसली की पंखाही बसला. बेल्टवरचा पंखा इंजिन फिरतंय तोवर फिरतो. शिवाय वीज फुकट नसते. इंजिनाची ताकद बेल्टमधून डायनामोत, तिथून वायरीत, मग मोटरमध्ये. शेवटी पात्यापर्यंत निम्मी पोचली तरी बरी म्हणायची.

आमच्याकडे जळालेले रिले आणि वितळलेले फ्यूज होल्डर घेऊन लोक येतात. काम करणाऱ्याने इग्निशनच्या बारीक वायरीवरून पंखा ओढलेला असतो.

घाटमाथा
डायनामो मोठा बसवता येतो. २४ व्होल्टच्या गाड्यांना तर अडचणच नसावी. आणि अमेरिकेत सिटी बसमध्ये इलेक्ट्रिक पंख्यांची अख्खी रांग बसवतात, मग ट्रकला का नाही? आपल्याकडे कोणी करून बघत नाही म्हणून ते वाईट, असं मला पटत नाही.

थर्मो
बसचं उदाहरण चांगलं आहे, म्हणूनच नीट बघू. त्या बसमध्ये इंजिन मागे असतं, रेडिएटर बाजूला किंवा वर. समोरचा वारा मिळतच नाही आणि क्रँकवरून सरळ पंखा फिरवता येत नाही. तिथे आधी हायड्रॉलिक मोटरचे पंखे होते, जे बरीच ताकद खायचे. त्यांच्या जागी इलेक्ट्रिकची रांग आली, सोबत त्या लोडला साजेसा डायनामो आणि कंट्रोलर. कारचंही तसंच: इंजिन आडवं, बेल्टची बाजू चाकाकडे, मग जाळीसमोर पंखा कसा लावणार? तुमच्या ट्रकचं इंजिन उभं आहे, जाळी त्याच्या नाकासमोर. त्या अडचणीतली एकही तुम्हाला नाही.

कारखाना_रोड
ऊस वाहतूक करतो, सांगली जिल्हा. गाडी तापते म्हणून पंख्याला दोष देणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मध्ये कधी बघितलंय? समोरून जाळी स्वच्छ दिसते. मधल्या फटीत पाचट, धूळ आणि किडे यांचा नमदा झालेला असतो. इंटरकूलर सोडवून, इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या पाण्याने फिन वाकतात. आणि कुलंटच्या जागी बोअरचं पाणी भरलं असेल तर आतून क्षार बसलेत. अशा जाळीवर कुठलाही पंखा लावा, काटा चढणारच.

पाना_दहा_बारा
हेच म्हणत होतो. त्यात श्राउडचं घाला. पंख्याभोवतीचं ते प्लास्टिकचं कडं. काम करताना आड येतं म्हणून काढतात आणि परत लावत नाहीत. कडं नसलं की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी इंजिनाभोवतीचीच गरम हवा घुसळत बसतो. तुमच्या गाडीला आहे का ते बघा.

घाटमाथा
आत्ता उतरून बघितलं. कडं नाही. ब्रॅकेट आहेत, कडं नाही.

पाना_दहा_बारा
मग आधी कडं, नवीन व्हिस्कस क्लच, जाळी सोडवून धुणं, रेडिएटरची कॅप आणि थर्मोस्टॅट. क्लच घेताना इंजिन बंद आणि थंड असताना हाताने फिरवून बघा. थोडा अडून फिरला पाहिजे. झटका दिल्यावर गरागरा फिरत राहिला किंवा पुढून तेलाचा ओघळ दिसला तर घेऊ नका. एवढं करून भरल्या गाडीने आंबा घाट चढा. त्यानंतरही काटा चढला तर पुढचं बोलू.

शहरी_टेम्पो
सगळं ठीक, पण उभ्या गाडीच्या एसीचं उत्तर यात नाही. माझं म्हणणं असं की कंपनीचा पंखा ठेवा आणि कंडेन्सरच्या पुढे एक छोटा इलेक्ट्रिक जोडा. बऱ्याच जीप-पिकअपना कंपनीच असा देते.

थर्मो
एसी असेल तर हे योग्य आहे, पण एकच आणि पातळ. पुढे लावलेला पंखा बंद असताना समोरचा वारा अडवतो, मोटरचा घेर जितका मोठा तितका जास्त. बीएस ६ गाडीवाल्यांनी मात्र मूळ पंख्याला हातच लावू नये. बऱ्याच गाड्यांत क्लच ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) चालवतो, पंख्याचा वेगही मोजतो. तो काढला की डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागणार आणि इंजिनाचा जोर कमी होणार. तिथे ईजीआर कूलरची (इंजिनात परत सोडलेला धूर थंड करणारा भाग) उष्णताही त्याच कुलंटमध्ये येते.

घाटमाथा
माझ्या गाडीला एसी नाही, त्यामुळे पुढचा पंखा सध्या सोडतो. क्लच आणि कडं मागवलंय, जाळी रविवारी सोडवतोय. पण इलेक्ट्रिकवरचं माझं मत बदललेलं नाही. सीझन संपला की गाडी कोल्हापूर-इचलकरंजी सपाटीला कापड वाहते, अर्धी रिकामी. तिथे ३०० वॅटचा पंखा पुरेल असं मला अजून वाटतं.

वायरमन_मिरज
पुरेलही. पण पुढच्या एप्रिलला तो काढून जुना परत बसवणार असाल तरच करा. आणि वायर बॅटरीवरून थेट ओढा, प्रत्येक पंख्याला वेगळा फ्यूज, वेगळा रिले. म्हणजे एक गेला तरी दुसरा चालू राहील.