मदत हवी आहे : शेतीच्या हिशेबाची गोडी कशी लागेल?

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमची सोयाबीन-तुरीची शेती आहे. रानातले कोणतेही काम मला जड जात नाही, पण दिवसभराची मजुरी, फवारणी आणि डिझेलचा खर्च संध्याकाळी वहीत मांडायचा म्हटले की जिवावर येते. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात, उत्कंठावर्धक श्राव्य पुस्तके केवळ व्यायामशाळेतच ऐकू दिल्यावर लोकांचे तेथे जाणे वाढले, मात्र सुट्टीचा खंड पडल्यावर तो परिणाम ओसरला. त्याच धर्तीवर मी वही उघडल्यावरच भारूड लावतो. भारूड रंगते, बेरीज तेवढी चुकते. (आकडेमोडीला गाणे मानवत नसावे.) असे रुक्ष काम ज्यांना पुढे खरोखर आवडू लागले, त्यांनी ते कशामुळे घडले आणि पेरणीच्या घाईत खंड पडल्यावर पुन्हा सुरुवात कशी केली, हे कृपया सविस्तर सांगावे.