त्वचेचा प्रकार विचारायचा की मोजायचा?

पोटरी :
मागच्या वर्षी लेझरने पायांवरचे केस काढायला गेले होते. फॉर्मवर त्वचेचा प्रकार निवडायचा होता. १ म्हणजे उन्हात लगेच भाजते, रापत नाही. ६ म्हणजे कधीच भाजत नाही. मी बिनदिक्कत ३ वर खूण केली. कारण आमच्या घरात गोरी मीच. आई सावळी, दोघी बहिणी सावळ्या, आणि मला आजी लहानपणापासून 'गोरटेली' म्हणायची. फॉर्म पाहून मशीन लावलं गेलं. दोन्ही पोटऱ्यांवर चट्टे उठले, काळे पडले, ते जायला सात महिने लागले.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी दंडाच्या आतल्या बाजूला रंगमापक टेकवला. आयटीए नावाचा त्वचेच्या रंगाचा आकडा ४ आला, तो अंशांत असतो. त्वचेचा उजळपणा आणि पिवळेपणा मोजून त्यातून हा कोन काढतात. ५५ च्या वर अगदी गोरी त्वचा, उणे ३० च्या खाली गडद. १० ते उणे ३० हा तपकिरी गट. म्हणजे मी स्पष्ट तपकिरी! लेझरचा प्रकाश त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही शोषून घेतं, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. माझं म्हणणं एवढंच : जिथे भाजण्याचा धोका आहे तिथे विचारू नका, मोजा. गोरं, गव्हाळ, निमगोरं हे सगळं आपण शेजारच्या माणसाकडे बघून ठरवतो.

निळा दिवा :
तुम्हाला झालेला त्रास वाचून वाईट वाटलं. पण निष्कर्ष पटला नाही. मी बरीच वर्षं त्वचारोग विभागात फोटोथेरपीच्या, म्हणजे किरणांनी उपचार करण्याच्या खोलीत काम करते.

फॉर्मवरचे हे प्रकार त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली बोस्टनमध्ये का मांडले ते पाहा. सोरायसिसच्या रुग्णांना औषध देऊन अतिनील किरणांत उभं करायचे. किरणांची मात्रा केस आणि डोळ्यांच्या रंगावरून ठरवली, तर दिसायला 'गडद' असलेले काही जण चांगलेच भाजले. म्हणून त्यांनी रुग्णालाच विचारायला सुरुवात केली : उन्हात गेल्यावर तुमचं काय होतं? बघून फसगत झाली म्हणून विचारणं आलं. तुमचं यंत्रही रंगच बघतं, फक्त बारकाईने. एकच आकडा असलेले दोन रुग्ण एकाच मात्रेला वेगळे वागलेले मी पाहिलेत.

माणदेशी :
ताई, पण तो प्रश्न आमच्यासाठी नव्हताच. सुरुवातीचे चारही प्रकार गोऱ्या त्वचेचे. ५ आणि ६ नंतर जोडले आणि उरलेलं जग त्यांत बसवलं. माझ्या वडिलांना एका डॉक्टरांनी विचारलं, उन्हात त्वचा भाजते का? त्यांचं उत्तर, "ऊन काय भाजतंय, माणूस रापतो." चाळीस वर्षं उघड्या रानात काढलेला माणूस दुसरं काय सांगणार? आमच्या कातडीवर लाली दिसतच नाही. आग होते, पण तिला कोणी भाजणं म्हणत नाही. उत्तर चुकीचं नाही, प्रश्नच परका आहे. पोटरी यांना पूर्ण अनुमोदन.

निळा दिवा :
हे मान्य. म्हणून मी "भाजते का" असं विचारतच नाही. लग्नात दिवसभर मांडवाबाहेर उभे राहिलात तर रात्री मान चुरचुरते का, असं विचारते. लगेच उत्तर येतं.

पाणवठा :
ऑक्सिमीटरचं उदाहरण इथे महत्त्वाचं आहे, कारण तोही त्वचेतून प्रकाश सोडूनच मोजतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोटावरचं यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के निघालं, गोऱ्यांत ३.६. पण तिथे वंश रुग्णांनी स्वतः सांगितलेला. त्वचा कोणी मोजली नव्हती. मग कोणत्या छटेला यंत्र किती चुकतं, हे कसं कळणार? जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या औषध नियामकाने ऑक्सिमीटरच्या चाचण्यांसाठी जो मसुदा काढला, त्यात त्वचेचा रंग डोळ्यांनी जुळवून बघायच्या मंक यांच्या दहा छटांच्या पट्टीबरोबर आयटीए मोजणंही सुचवलं आहे. जिथे प्रश्न थेट रंगाचा आहे तिथे मोजमापाला पर्याय नाही.

घाटरस्ता :
मोजता कुठे, यावरही बरंच आहे. दंडाच्या आत एक आकडा, कपाळावर दुसरा. यंत्र जोरात दाबलं तर खालचं रक्त सरकतं आणि त्वचा उजळ दिसते. घाईत, कोणीतरी कसंही टेकवून घेतलेल्या आकड्यावर मी तरी माझे पाय सोपवणार नाही.

पोटरी :
निळा दिवा ताई, मांडवाचा प्रश्न मला कोणी विचारला असता तर मी खरं उत्तर दिलं असतं. तेवढं मागे घेते. पण विचारणारी तुमच्यासारखी नसेल, समोर नुसता चौकोन असेल, तर माणूस घरात ऐकलेलंच लिहिणार. म्हणून आकडा हवाच, आणि लेझर पोटरीवर मारायचा तर पोटरीवरचाही. धाकटी बहीण आता जाणार आहे. तिला सांगितलंय, मोजायला लाव, शिवाय एका ठिपक्यावर मारून दोन दिवस थांब.

निळा दिवा :
दोन दिवस पुरणार नाहीत. फोड लगेच दिसेल, पण आपल्या त्वचेवर काळा डाग सावकाश उमटतो. तिला निदान दोन आठवडे थांबायला सांगा, आणि तोवर तो ठिपका उन्हापासून झाकायला.