सुवर्णदुर्गाच्या तटावर थ्रीडी शो करावा का?

खाडीकाठ: हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. हर्णैला मात्र माणूस मासळीचा लिलाव बघतो, सुरमई खातो आणि परतीची गाडी पकडतो. किनाऱ्यासमोरच्या तटावर रात्री गलबतं भिंत फोडून बाहेर येताना दाखवली, तर लोक मुक्कामाला राहतील. दिल्लीत इंडिया गेटजवळ जानेवारी २०२२ मध्ये नेताजींची २८ फुटी प्रकाशप्रतिमा ३०,००० लुमेनच्या (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशाचं माप) एका प्रोजेक्टरवर उभी केलीच होती ना?

तीनफेज: ती ६ फूट रुंद, खास पारदर्शक पडद्यावर होती. इथे समजा तटाचा १०० मीटर बाय १० मीटरचा तुकडा घेतला. म्हणजे १,००० चौरस मीटर, त्या पडद्याच्या साठपटीहून जास्त. तोच प्रोजेक्टर लावला तर चौरस मीटरला ३० लुमेन पडतील. काळपट दगडाने त्यातला पाचवा हिस्सा परत फेकला असं धरलं, तरी तो सगळ्या दिशांना पसरतो, म्हणून ६ ला पायने भागायचं; हाती जेमतेम २ निट्स (पृष्ठभाग किती उजळ दिसतो त्याचं माप). सिनेमाच्या पडद्यावर ४८ असतात. त्या हिशोबाने २५ प्रोजेक्टर आणा, जनरेटर वेगळाच.

खाडीकाठ: थेटराशी तुलना कशाला? काळोखात डोळा जुळवून घेतो, १० निट्स पुरेत. पाच प्रोजेक्टरांत काम होईल.

तीनफेज: अमावास्येला होईल. पौर्णिमेचं आणि जेटीवरच्या दिव्यांचं काय करणार?

आणि थ्रीडी म्हणजे काय, तर आधी भिंतीचं लेझर स्कॅन करायचं, मग एक जागा ठरवून तिथून दिसेल असा खोलीचा भास चित्रात रंगवायचा. त्या जागेवरून हललात की गलबत वाकडं. अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या देवळापासून तर चिकटवलेलं स्टिकर दिसेल.

चाकरमानी: हे अर्धंच खरं आहे. बघणारा जितका लांब, तितका चार पावलं सरकल्याने कोन कमी बदलतो. इथे मध्ये पाणी असल्याने सगळे लांबच. सेऊलची २०२० मधली ती प्रसिद्ध, पडद्यात उसळणारी थ्रीडी लाट इमारतीच्या कोपऱ्यावरच्या एलईडी पडद्यावर होती, ती दुसऱ्या बाजूने फसते. तट तसा कोपरा नाही. (कड्यावरच्या गणपतीचं मान्य.)

पागोळी: तुम्ही लुमेन मोजताय, मी कासवं मोजते. शेजारच्या अंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात.

खाडीकाठ: तट समुद्रातच आहे की. बरोबर दिशेनेच जातील!

पागोळी: जातील, आणि उजेडाभोवती घुटमळतील. मोठ्या माशांना आयतं जेवण. फेब्रुवारी ते मे शो बंद ठेवा. जून ते सप्टेंबर पाऊस. उरले चारच महिने, त्यातही खारा वारा लेन्सवर मिठाचा थर चढवणार. एवढ्यासाठी पाच प्रोजेक्टर?

खाडीकाठ: मग काय, आम्ही नुसतं सुरमईवरच जगायचं?

तीनफेज: तट सोडा. बंदराच्या आतल्या बाजूला ८ बाय ६ मीटरचं पांढरं शीड ताणा. ४८ चौरस मीटरला ५,००० लुमेनचा भाड्याचा प्रोजेक्टर वीसेक निट्स सहज देईल, पाच प्रोजेक्टरांच्या तटाच्या दुप्पट. तोंड गावाकडे, पाठ समुद्राकडे.

चाकरमानी: वाऱ्याने फुगलं की गलबत गरोदर दिसेल.

तीनफेज: भोकं पाडायची, वारा आरपार जातो. आधी जुनं शीड कुणाकडे आहे ते सांगा.

पागोळी: आमच्या माळ्यावर आहे. पण फेब्रुवारीच्या आत परत हवं.