अनुभव धागा: रणभूमी आणि युद्धस्मारके

प्रवासात, किंवा मुद्दाम वाट वाकडी करून, आपण एखादी रणभूमी, युद्धस्मारक किंवा सैनिकांची दफनभूमी पाहिली असेल, तर तेथे काय पाहिले आणि काय वाटले ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

कॅसिनो, इटली

रोमहून आगगाडीने येथे आलो, ते केवळ एका नावासाठी. माझे आजोळ माणगावचे, त्यामुळे नाईक यशवंत घाडगे यांचा तेथील पुतळा लहानपणापासून पाहिलेला होता. १० जुलै १९४४ रोजी दुसऱ्या महायुद्धात टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील सगळे सोबती मारले गेले किंवा जखमी झाले. तेव्हा त्यांनी एकट्याने त्या ठाण्यावर धाव घेतली, हातबॉम्बने मशीनगन निकामी केली आणि मॅगझिन बदलायला उसंत नाही असे पाहून टॉमीगन (हातातील स्वयंचलित बंदूक) नळीकडून धरून उरलेल्या दोघा शत्रुसैनिकांना तिच्या दस्त्याने ठार केले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळालेल्या या वीराची समाधी कोठेही नाही. माँटे कॅसिनो या ख्रिस्ती मठाच्या डोंगराखालील दफनभूमीत, हिरव्या संगमरवरावरील चार हजारांहून अधिक नावांत, त्यांचे नाव आहे. ते सापडल्यावर मला रडू आवरेना. येणाऱ्याने रेजिमेंटचे नाव आधी टिपून आणावे, म्हणजे शोध सोपा होतो.

कोहिमा

येथे उपायुक्तांच्या बंगल्याचे टेनिस कोर्ट होते, ते आज पांढऱ्या रेषांनी आखून दाखवले आहे. १९४४ च्या वेढ्यात त्याच्या दोन बाजूंना ब्रिटिश-भारतीय आणि जपानी अशी दोन सैन्ये खंदक खणून बसली होती, हे वाचून माहीत होते, पण ते अंतर प्रत्यक्ष चालून पाहिल्यावर अंगावर काटा आला. दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचे स्मारक सर्वांत उंच जागी आहे. आमच्याबरोबरचे बरेच जण खालूनच परतले, याचे फार वाईट वाटले. वर अवश्य जावे.

खडकी, पुणे

पश्चिम व मध्य भारतात जेथे देखभालीची शाश्वती नव्हती, तेथील दुसऱ्या महायुद्धातील कबरी येथे आणल्या आहेत. पुणेकरांनी एक सकाळ जरूर द्यावी.

मिलिटरी आपशिंगे, सातारा

पहिल्या महायुद्धात या गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांचे स्मारक गावातच आहे. फौजेत जाण्याची परंपरा आजही चालू असल्याने स्मारकाविषयी विचारले की आपुलकीने माहिती देणारे माजी सैनिक लगेच भेटतात.