रात्रीच्या मॅचचे फोटो: हेल्मेटमधला चेहरा काळा येतो

मंजिरी_डॅलस

मुलगा दहावीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात किकर, म्हणजे चेंडूला किक मारून गुण मिळवणारा. मॅच शुक्रवारी संध्याकाळी सातला. तो मैदानात उतरतो जेमतेम चार-पाच वेळा, तेही काही सेकंद. तेवढ्यात फोटो साधायचा. माझे बाबा कोल्हापूरचे, तरुणपणी तिथल्या शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघाकडून फुटबॉल खेळलेले. आमची मॅच संपते तेव्हा तिकडे शनिवारची सकाळ झालेली असते आणि चहाबरोबर त्यांचा मेसेज येतो, ‘फोटो आला का?’

कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, लेन्स ५५-२५० एमएम झूम. पूर्ण झूमला एफ ५.६ मिळतं (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). शटर १/२५० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००. पाय हललेला येतो आणि हेल्मेटच्या जाळीमागे नुसता अंधार. त्यात सलग तीन फोटो काढले की एक पिवळट, एक हिरवट, एक बरा, सेटिंग तेच असूनही! फ्लॅशला शाळेची मनाई आहे, ते योग्यच. नवी लेन्स घ्यावी का?

घाटमाथा

ताई, आधी शटर १/५०० वर पक्कं करा. मग आयएसओ १२८०० किंवा त्याच्याही वर गेला तरी जाऊ द्या. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलंत तर फोटोतले दाणे नंतर बरेच कमी करता येतात, हललेला पाय मात्र कशानेच सुधारत नाही. ८५ एमएम एफ १.८ घेतलीत तर आत्ताच्या साधारण दहापट प्रकाश मिळेल. ७०-२०० एफ २.८ उत्तम, पण महाग आणि जड. एखाद्या शुक्रवारपुरती भाड्याने आणून बघा.

रंगांचं म्हणाल तर तो दिव्यांचा खेळ आहे. जुने मेटल हॅलाइड दिवे अमेरिकेतल्या ६० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १२० वेळा कमीजास्त होतात आणि रंगही बदलतात. मेनूत अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या या चढउताराशी शटर जुळवणारी सोय) असेल तर चालू करा. इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, फोटोत आडवे पट्टे येतात.

रेवती_के

माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये, त्यामुळे तीन सीझन त्याच दिव्यांखाली फोटो काढलेत. शाळेच्या ॲथलेटिक्स ऑफिसकडे पास मागा आणि एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागे, गोलपोस्टच्या जरा बाजूला गुडघ्यावर बसा. एक्स्ट्रा पॉइंटची (टचडाउननंतर जादा गुणासाठीची) किक तिथून साधारण २० यार्डांवर, तुमच्याकडे तोंड करून होते. ८५ पुरते. आणि किकनंतर शटरवरचं बोट उचलू नका! किक मारताना किकरची मान खाली असते, चेहरा सावलीत. चेंडू कुठे गेला ते बघायला तो मान वर करतो, तेव्हा दिवे थेट जाळीतून आत शिरतात. तो क्षण मिळतो अर्धा-एक सेकंद.

मंजिरी_डॅलस

पास मिळाला. कोणाची तरी जुनी ८५ घेतली, काल वापरली. १/६४०, एफ २, आयएसओ ६४००. दुसऱ्या एक्स्ट्रा पॉइंटला रेवतीताई म्हणाल्या तसंच झालं. मान वर, माउथगार्ड एका बाजूला लोंबतोय, कपाळावर घाम आणि दोन्ही डोळे स्वच्छ दिसतायत. चेंडू फ्रेममध्ये नाही, नसू दे. मी तिथेच गवतावर बसून तो चार वेळा पाहिला.

बाबांना तो पाठवला आणि त्याच्या आधीचा, पाय चेंडूला लागतानाचाही. बाबा आधी त्या दुसऱ्यावरच बोलले: ‘डावा पाय चेंडूपासून लांब पडतोय. त्याला फोन दे.’