रोज बुडी मारणाऱ्याच्या मेंदूचं काय?

किनारपट्टी: धाकटा भाऊ मालवणला स्कूबा इन्स्ट्रक्टर आहे. हंगामात दिवसाला पाच-सहा वेळा पर्यटकांना घेऊन खाली जातो. परवा सुरमई आणली आणि पिशवी स्कूटरच्या हुकालाच विसरला. संध्याकाळी वास सुटला तेव्हा कळलं. आई म्हणाली, "सारखो पाण्यात रवतस, म्हणानच विसारतस." मला आईचं पटतं. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो, वर येताना त्याचे बुडबुडे होतात. त्रास जाणवला नाही म्हणून इजा झालीच नाही, असं कसं म्हणायचं?

दर्याराजा: ताई, बारा वर्षं हेच काम करतोय. आम्ही आठ-दहा मीटरवर असतो. नायट्रोजनची झिंग साधारण तीस मीटरनंतर चढते आणि वर आलं की उतरते. दिवसभर उन्हात, होडीवर, पाणी न पिता राबलेला माणूस मासेच काय, स्वतःचं नावही विसरेल. उगाच पोराच्या पोटावर पाय आणू नका.

एक न्यूरोवाला: झिंग उतरते, पण प्रश्न तो नाहीच. १९९७ मध्ये हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी ८७ हौशी डायव्हरांचे एमआरआय केले. मेंदूत एकाहून जास्त डाग मोजक्यांनाच होते, पण त्या सगळ्यांच्या हृदयाच्या पडद्यात मोठं छिद्र निघालं. जन्मल्यावर बुजायचं ते छिद्र सुमारे चौथाई लोकांत उघडंच राहतं. फुप्फुसात गाळले जायचे ते बुडबुडे तिथून थेट मेंदूकडे जातात. मात्र असे डाग मायग्रेन, रक्तदाबातही दिसतात. डाग म्हणजे विसराळूपणा नव्हे.

दर्याराजा: म्हणजे माझंच खरं की!

किनारपट्टी: अर्धंच. पॉलिनेशियातले मोती काढणारे टाकीशिवाय, नुसता श्वास रोखून उतरायचे, तरी त्यांना चक्कर, लकवा व्हायचा. त्याला ते 'तारावाना' म्हणत. खोली होतीच, पण तासन्‌तास वरखाली आणि मध्ये पुरती उसंत नाही, हेही होतं. वरखाली तर तुम्हीही करता. आणि नॉर्वेत उत्तर समुद्रातल्या डायव्हरांना डिकंप्रेशनचे, म्हणजे वर येताना कुठे किती थांबायचं त्याचे, तक्तेसुद्धा दाखवत नव्हते, कंपन्या ते गुपित ठेवायच्या. २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं त्याबद्दल नॉर्वे सरकारला दोषी धरलं. काम सोडा असं मी म्हणत नाही, माहिती द्या म्हणते.

दर्याराजा: हे मान्य. आम्हाला छिद्राबद्दल कुणी कधी सांगितलं नव्हतं.

किनारपट्टी: आज भावाची वही चाळली. पर्यटक किती ते रोज लिहिलंय, दोन बुड्यांमध्ये वर किती वेळ बसला ते एकाही पानावर नाही. उद्यापासून तो रकाना मी आखून देणार आहे.